अमेरिकेत फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेसची असोसिएट डिग्री : कॉलेज निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येऊन काही वर्षं झाली, मुलं शाळेत जायला लागली, की आपल्यातल्या बऱ्याच जणी पुन्हा शिकायचा विचार करतात. घराजवळ कम्युनिटी कॉलेज असतं, म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री देणारं स्थानिक कॉलेज. तिथे बालविकास, आहारशास्त्र, फॅशन, इंटिरिअर असे विषय दिसतात आणि मग प्रश्नांची रांग लागते. मंडळाच्या कार्यक्रमात, मराठी शाळेबाहेर मुलांची वाट बघताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. कॅलिफोर्नियाचे नियम मला जवळून माहीत असल्यामुळे उत्तरं थोडी तिकडे झुकलेली आहेत. टेक्सास, न्यू जर्सी किंवा आणखी कुठे असाल, तर हेच प्रश्न आपल्या राज्यातल्या कॉलेजला विचारा.

हे म्हणजे आपलं होम सायन्सच ना?

हो, मूळ एकच. अमेरिकेत या विषयाची बांधणी झाली ती १८९९ ते १९०८ या काळात लेक प्लॅसिडला भरलेल्या परिषदांमधून. त्यांच्यामागे एलेन स्वॅलो रिचर्ड्स होत्या, एमआयटीची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. पिण्याचं पाणी, अन्नातली भेसळ, घरातली स्वच्छता याकडे शास्त्र म्हणून बघायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. १९०९ साली संघटना उभी राहिली ती होम इकॉनॉमिक्सच्या नावाने; फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस हे नाव तिने १९९४ मध्ये घेतलं.

म्हणून कुणी 'स्वयंपाक-शिवणाचा कोर्स' म्हणालं तर मनावर घेऊ नका. यात बालविकास आहे, पोषण आहे, कुटुंबाचा अभ्यास आहे, वस्त्रशास्त्र, घररचना आणि घरखर्चाचं नियोजनही आहे.

कॉलेजच्या वेबसाइटवर या नावाची डिग्रीच सापडत नाही. मग?

बऱ्याच ठिकाणी सापडणार नाही. कम्युनिटी कॉलेजात हा विषय तुकड्यांत विभागलेला असतो. चाइल्ड डेव्हलपमेंट, अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन, न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स, फॅशन, इंटिरिअर डिझाइन, ह्यूमन सर्व्हिसेस या नावांनी शोधा. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात चाइल्ड डेव्हलपमेंट हा स्वतंत्र विभाग आहे. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो-फ्रिस्कोकडच्या कॉलिन कॉलेजात इंटिरिअर डिझाइन मिळेल. मोठ्या छत्रीचं पूर्ण नाव भेटतं ते चार वर्षांच्या विद्यापीठात : कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, नॉर्थरिज आणि लाँग बीच शाखांत त्या नावाचे विभाग आहेत, जॉर्जिया विद्यापीठात तर अख्खं कॉलेज त्या नावाचं आहे.

एए, एएस आणि एएएस यात फरक काय?

तिन्ही असोसिएट डिग्रीच : असोसिएट ऑफ आर्ट्स, ऑफ सायन्स आणि ऑफ अप्लाइड सायन्स. साधारण ६० सेमिस्टर क्रेडिट, पूर्णवेळ शिकलं तर दोन वर्षं. डी अँझासारख्या क्वार्टर, म्हणजे तिमाही सत्रांच्या, पद्धतीच्या कॉलेजात तेच ९० युनिट (क्रेडिटलाच युनिटही म्हणतात) होतात, त्यामुळे दोन कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून घाबरून जाऊ नका.

खरा फरक पुढच्या वाटेत आहे. एए आणि एएस घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणं तुलनेने सोपं जातं. एएएस ही थेट नोकरीसाठी बेतलेली डिग्री आहे. तिच्यातले बरेचसे विषय चार वर्षांची विद्यापीठं मोजत नाहीत किंवा फक्त ऐच्छिक म्हणून मोजतात. पुढे बॅचलर्स करायचं थोडंसं जरी मनात असेल तर एएएसमध्ये नाव घालण्याआधी थांबा आणि चौकशी करा. दोन वर्षं घासून अभ्यास केल्यावर 'यातले निम्मेच क्रेडिट घेऊ' असं ऐकणं फार जिव्हारी लागतं.

बरं, मग कॉलेज निवडायचं कसं? सगळ्यात आधी काय बघू?

शेवट आधी ठरवा, कॉलेज मागाहून. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आलं. आपल्याकडे 'कॉलेज चांगलं आहे का' हा पहिला प्रश्न असतो, कारण पुण्या-मुंबईत कॉलेजच्या नावाला वजन आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या बाबतीत तो प्रश्न फारसा कामाचा नाही. डिग्री हातात पडल्यावर नेमकं काय करायचंय, प्रीस्कूलमध्ये शिकवायचं, आहारतज्ज्ञ व्हायचं, की बॅचलर्सला जायचं, ते आधी कागदावर लिहा. मग त्या नोकरीचा परवाना देणारी संस्था किंवा ते विद्यापीठ काय मागतं ते शोधा आणि ते नेमकं देणारं कॉलेज घ्या.

विद्यापीठात जायचं असेल तर दोन कॉलेजांमधला लेखी करार बघा. त्याला इथे आर्टिक्युलेशन ॲग्रीमेंट म्हणतात. इथला कुठला विषय तिथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरला जाईल, याची ती यादी असते. कॅलिफोर्नियात या याद्या असिस्ट नावाच्या सरकारी वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येतात. शिवाय २०१० च्या कायद्यामुळे तिथे असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही सोय आहे. ती पूर्ण केली आणि किमान अटी पाळल्या की कॅल स्टेटच्या कुठल्या तरी शाखेत तिसऱ्या वर्षाला जागा मिळण्याची हमी असते. 'कुठल्या तरी' हा शब्द नीट वाचा. घराजवळच्याच शाखेची हमी नाही, आणि ज्या बाईची मुलं शाळेत आहेत, नवऱ्याची नोकरी एका जागी आहे, तिला दोनशे मैलांवरची जागा काय कामाची? तेव्हा जवळच्या शाखेत तुमच्या विषयाला किती चढाओढ आहे, हे पहिल्या सेमिस्टरलाच विचारून ठेवा. बालशिक्षण, बाल व किशोर विकास आणि पोषण-आहारशास्त्र या तिन्ही विषयांत ही ट्रान्सफर डिग्री आहे.

कॉलेज मान्यताप्राप्त आहे की नाही, कसं कळणार?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी ऑनलाइन आहे, तिथे कॉलेजचं नाव टाका. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना एसीसीजेसी ही संस्था मान्यता देते, इतर भागांत वेगवेगळ्या संस्था आहेत. सरकारी कम्युनिटी कॉलेज असेल तर सहसा चिंता नसते.

काळजी घ्यायची ती भरमसाट जाहिरात करणाऱ्या खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांबाबत. फोन नंबर दिला की दिवसातून चारदा फोन येतात, 'आजच नाव नोंदवा, फी माफ' म्हणतात. तुमच्या जवळच्या सरकारी विद्यापीठाला फोन करून एवढंच विचारा : या संस्थेचे क्रेडिट तुम्ही घेता का? 'नाही' आलं तर तिथेच कानाला खडा लावा.

कॉलेजच्या मान्यतेखेरीज अभ्यासक्रमाची वेगळी मान्यताही असते. बालशिक्षणाला ती एनएईवायसी ही संस्था देते, आहारशास्त्राला एसेंड. बालशिक्षणात ती नसली तरी चालतं, असली तर दर्जाची खूण समजा. आहारशास्त्रात मात्र तिच्यावाचून घोडं अडतं.

मी एच-४ वर आहे. शिकता येईल का?

येईल. एच-४ म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा; शिकण्यासाठी तो बदलावा लागत नाही. अर्धवेळ, पूर्णवेळ, कसंही शिका. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर अर्धवेळच, तेही विद्यार्थी व्हिसासाठी सरकारमान्य असलेल्या कॉलेजात.

नोकरीचं मात्र वेगळं आहे. वर्क परमिट असल्याशिवाय पगाराचं काम करता येत नाही. एच-४ वाल्यांना ते २०१५ पासून मिळू लागलं, पण सरसकट नाही. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा, कंपनीने भरायचा अर्ज) मंजूर झालेला असेल किंवा सहा वर्षांनंतर एच-१बी वाढवून मिळालेला असेल, तरच. बालविकासाच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकम असतं, म्हणजे प्रत्यक्ष मुलांच्या वर्गात काम. काही कॉलेजं त्यासाठी मानधन देतात, काही तुम्ही आधीच एखाद्या डे-केअरमध्ये नोकरीला असाल असं गृहीत धरतात. परमिट नसताना मानधन घेऊ नका. कॉलेजच्या स्वतःच्या बालकेंद्रात, बिनपगारी, अभ्यासाचा भाग म्हणून प्रॅक्टिकम करता येईल का, हे प्रवेशाआधी ईमेलवर विचारून घ्या आणि तुमच्या इमिग्रेशन वकिलालाही दाखवा. यात तोंडी भरवशावर राहू नका.

खर्च किती येतो? मदत मिळते का?

कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर लागतात. ६० युनिटांचे झाले २,७६० डॉलर, पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. रहिवासी न ठरल्यास फी कित्येक पटींनी वाढते. रहिवासी ठरण्यासाठी साधारण वर्षभराचं वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. एच-४ वर असलेल्यांना कॅलिफोर्नियात तो दाखवता येतो, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांना येत नाही. प्रवेश अर्जातला रहिवासाचा भाग घाईत भरू नका. तिथे एक चुकीची खूण झाली की बिलात हजारो डॉलर वाढलेले दिसतात, आणि ते दुरुस्त करायला भाडेकरार, टॅक्सचे कागद, ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन ॲडमिशन्स ऑफिसच्या खेपा घालाव्या लागतात.

केंद्र सरकारची मदत, म्हणजे फाफसा नावाचा अर्ज भरून मिळणारी, ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना आहे. एच-४ आणि एफ-१ ला नाही. तिच्यातला पेल ग्रँट २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होता. यात आपल्याला बाधणारी एक अट आहे : पेल पहिल्या बॅचलर्सपर्यंतच मिळतो आणि भारतातली पदवीही बॅचलर्स म्हणून धरली जाते. बी.कॉम. झालेल्या बाईने ते लपवायचं नाही, फॉर्मवर खरं लिहायचं.

माझं एसएनडीटीतून होम सायन्स झालंय. पुन्हा असोसिएट डिग्री करायची?

बहुतेक वेळा नाही, आणि हे मी प्रत्येकीला पोटतिडकीने सांगते. जुहूच्या विठ्ठलदास ठाकरसी कॉलेजातून किंवा निर्मला निकेतनमधून होम सायन्स केलेली बाई इथे पहिल्या पायरीवर उभी राहते, कारण तिला दुसरी वाट कुणी दाखवलेली नसते.

आधी भारतातल्या मार्कलिस्टांचं मूल्यमापन करून घ्या. हे काम नेसेस या संघटनेच्या सदस्य संस्था करतात, आपल्या लोकांना माहीत असलेली डब्ल्यूईएस ही त्यातलीच एक. त्यात 'कोर्स-बाय-कोर्स' अहवाल मागा. नुसता पदवीची समकक्षता सांगणारा अहवाल स्वस्त असतो, पण विषयवार क्रेडिट मिळवायला त्याचा उपयोग नाही. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट बंद पाकिटात किंवा थेट ऑनलाइन जावं लागतं, म्हणून पुढच्या भारतफेरीत एक दिवस त्यासाठी राखून ठेवा. जमल्यास त्या वर्षांचा छापील सिलॅबसही शिक्क्यासह घ्या. 'ह्यूमन डेव्हलपमेंट, पेपर दोन' एवढ्यावरून इथल्या प्राध्यापकाला काहीच कळत नाही. सिलॅबस दिसला की तो विषय मान्य करायला त्याला आधार मिळतो.

नुसतं प्रीस्कूलमध्ये शिकवायचं असेल तर कॅलिफोर्नियात खासगी केंद्रातल्या शिक्षिकेला बालविकासाचे १२ सेमिस्टर युनिट लागतात. म्हणजे चार विषय. कुठलीही पदवी हाताशी असेल तर एवढे विषय करून कामाला लागता येतं, ६० युनिटांच्या मागे धावायची गरज नाही. पदवी नसेल तर मात्र असोसिएट जरूर करा. पुढे कॅलिफोर्नियाच्या चाइल्ड डेव्हलपमेंट परमिटच्या (हा शिक्षिकेचा परवाना, वर्क परमिट नव्हे) टीचर पातळीला बालविकासाचे २४ आणि सर्वसाधारण शिक्षणाचे १६ युनिट लागतात, ते तिच्यातच बसतात.

बालविकासासाठी कॉलेज बघायला गेले तर काय पाहू?

कॉलेजचं स्वतःचं बालकेंद्र आहे का, हे पहिलं. असेल तर वेळ ठरवून तिथे तासभर बसा. बेसिन मुलांच्या उंचीला आहे का, शिक्षिका मुलाशी बोलताना गुडघ्यावर बसते का, रडणाऱ्या मुलाला ती लगेच खेळणं देऊन गप्प करते की आधी त्याच्याजवळ थांबते, हे बघा. विद्यार्थिनी नोंदवहीत काय लिहितात, तेही विचारा. चांगल्या ठिकाणी 'मुलगा हट्टी आहे' असं लिहू देत नाहीत. 'दोनदा ठोकळा फेकला, मग दाराजवळ जाऊन आईच्या पिशवीला हात लावून उभा राहिला' असं लिहायला शिकवतात. ही नजर येण्यासाठीच तर हे शिक्षण घ्यायचं, आणि ती पुस्तकातून येत नाही.

हेड स्टार्ट या केंद्र सरकारच्या कार्यक्रमात प्रीस्कूल शिक्षिकेला किमान असोसिएट डिग्री लागते, तीही बालविकास, बालशिक्षण किंवा त्याच्या तोडीच्या विषयात. तिथे जायचं असेल तर डिग्रीवरचं नाव महत्त्वाचं. सीडीए नावाचं एक छोटं प्रमाणपत्रही आहे : १२० तासांचं प्रशिक्षण आणि ४८० तासांचा अनुभव. आधी सीडीए, मग डिग्री असा विचार असेल तर सीडीएसाठी क्रेडिट देणारं कॉलेज शोधा, बरीच देतात.

प्रॅक्टिकमआधी टीबीची चाचणी मागतात. माझी पॉझिटिव्ह आली, आता?

आधी घाबरू नका. भारतात जन्मलेल्या बहुतेकांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. सुरुवातीलाच रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. रक्ताची चाचणीही पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतील. बोटांचे ठसे आणि गोवर, डांग्या खोकला यांच्या लसींचा पुरावाही लागतो. हे सगळं जुळवायला वेळ जातो, म्हणून वर्ग सुरू होण्याच्या महिनाभर आधी हाताला लागा.

आहारतज्ज्ञ व्हायचंय. दोन वर्षांत होईन का?

नाही. १ जानेवारी २०२४ पासून रजिस्टर्ड डायटिशिअनच्या परीक्षेला बसायला मास्टर्स लागतं. असोसिएट डिग्रीवर न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स टेक्निशिअन होता येतं, पण अभ्यासक्रम एसेंडमान्य असायला हवा. 'न्यूट्रिशन' नावाची प्रत्येक डिग्री तशी नसते. मास्टर्सपर्यंत जायचं असेल तर कम्युनिटी कॉलेजातच केमिस्ट्री, ॲनाटमी, मायक्रोबायॉलॉजी उरकून घ्या. ते टाळून पुढे गेलं की विद्यापीठाच्या चढ्या फीत तेच विषय करावे लागतात.

फॅशन आणि इंटिरिअरचं काय?

इथे डिग्रीपेक्षा पोर्टफोलिओ बोलतो. आधीच्या विद्यार्थ्यांचं काम बघायला मागा, प्रयोगशाळेतली मशिनं आणि सॉफ्टवेअर आजचं आहे का ते बघा, शिकवणारे सध्या त्या धंद्यात आहेत का ते विचारा.

ऑनलाइन केलं तर चालेल?

थिअरी खुशाल ऑनलाइन करा, लहान मुलं घरात असताना तोच मोठा आधार असतो. प्रॅक्टिकम, फूड लॅब, शिवणाची लॅब प्रत्यक्षच हवी. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात ऑनलाइन नाव घालत असाल, तर ही डिग्री तुमच्या राज्याच्या परवान्याला चालते का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

कॉलेजचं पदवी पूर्ण होण्याचं प्रमाण फार कमी दिसतंय. सोडून देऊ का?

एवढ्यावरून नाही. त्या सरकारी आकड्यात मुख्यतः पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पूर्णवेळ विद्यार्थी मोजतात. नोकरी-घर सांभाळून सावकाश शिकणाऱ्या बायका त्यात धड येतच नाहीत. तुमच्या विभागातून दर वर्षी किती जणी विद्यापीठात जातात, हे विभागप्रमुखांना विचारा.

पगार किती मिळतो?

कमी, हे स्पष्ट सांगायला हवं. प्रीस्कूल शिक्षकांचं देशभरातलं मध्यम वार्षिक उत्पन्न २०२३ मध्ये सुमारे ३७ हजार डॉलर होतं. बे एरियात किंवा न्यू जर्सीत तेवढ्यावर घर चालत नाही. केंद्राची संचालिका होणं, बॅचलर्स करून सरकारी शाळेत जाणं, किंवा घरीच परवाना घेऊन डे-केअर काढणं, असे पुढचे रस्ते आहेत. म्हणून तर कॉलेज निवडताना पुढची दारं उघडी राहतील हे बघायचं. हायस्कूलमध्ये हाच विषय शिकवायला बॅचलर्स आणि शिक्षकाचा परवाना लागतो.

भाचीला फक्त या डिग्रीसाठी भारतातून बोलवू का?

माझं मत विचाराल तर नको. एफ-१ वर परदेशी विद्यार्थ्याची फी, राहण्याचा खर्च आणि नंतर कामासाठी फक्त बारा महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी. स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी, वाढीव मुदत असोसिएट डिग्रीला मिळत नाही. त्यापेक्षा तिने मुंबईला, नागपूरच्या एलएडी कॉलेजात किंवा बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदवी घ्यावी आणि मास्टर्सला इकडे यावं. पैसाही वाचेल, दारंही जास्त उघडतील.

काउन्सेलरची भेट मिळाली आहे. काय विचारू?

एज्युकेशन प्लॅन लेखी मागा, सेमिस्टरनुसार विषय मांडलेला. 'प्रॅक्टिकमचा वर्ग वर्षातून एकदाच असतो का, आणि संध्याकाळी असतो का?' हे विचारायला विसरू नका. तो एक वर्ग फक्त सकाळी असल्यामुळे डिग्री वर्षभर लांबल्याची उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत. सर्वसाधारण काउन्सेलरखेरीज विभागातल्या प्राध्यापकालाही भेटा, वर्गांचं वेळापत्रक त्यांनाच खरं ठाऊक असतं.

नाव कधी घालायचं?

सेमिस्टर पद्धतीत फॉल बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होतो. अर्ज वसंतातच करून ठेवा, म्हणजे नोंदणीची तारीख लवकरची मिळते. बालविकासाचे संध्याकाळचे वर्ग लवकर भरतात. भरला असेल तर वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. जे येत नाहीत त्यांच्या जागा प्राध्यापक तिथेच देतात.